सोने खरे की घडण?

घरातील जुना दागिना मोडून नवा करावा, हा व्यवहार आपल्याकडे इतका नित्याचा आहे की त्यात काही नैतिक प्रश्न दडलेला असेल, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. सोनार दागिना कसोटीवर घासून पाहतो, त्यातील लाख, खडे व मणी वेगळे काढतो, तो तराजूत टाकतो, घट वजा करतो आणि उरलेल्या वजनाची त्या दिवसाच्या भावाने किंमत सांगतो. ज्या कारागिराने ती बोरमाळ मणी मणी फुगवून सिद्ध केली किंवा त्या पाटलीवर वेल उठविली, त्याच्या श्रमांचे ह्या हिशेबात काहीच येत नाही. ‘घडणावळ बुडाली’ एवढेच आपण म्हणतो, आणि तेही तक्रारीच्या सुरात म्हणत नाही; सूर्य मावळला असे म्हणावे तितक्या सहजपणे म्हणतो. ‘मोडीत काढणे’ हा शब्दप्रयोग ह्याच सहजपणाने आपल्या भाषेत रुळला आहे. जे मोडीत गेले त्याचा आकार गेला आणि केवळ वजन उरले, एवढा सारा अर्थ त्या दोन शब्दांत सामावलेला आहे.

तेव्हा प्रश्न असा की, दागिन्यात मोलाचे ते काय? सोने की घडण?

ह्या प्रश्नाचे उत्तर आपल्या तत्त्वज्ञानाने फार पूर्वीच देऊन ठेविले आहे, असे वरवर पाहता वाटते. छांदोग्योपनिषदाच्या सहाव्या अध्यायात उद्दालक आपल्या पुत्रास, श्वेतकेतूस, उपदेश करतो. मातीचा एक गोळा जाणला म्हणजे मातीच्या सर्व वस्तू जाणल्या जातात. सोन्याचा एक गोळा जाणला म्हणजे सोन्याच्या सर्व वस्तू जाणल्या जातात. विकार हे केवळ नावापुरते, सत्य ते मूळ द्रव्य. पुढे हाच दृष्टान्त आचार्यांच्या भाष्यांतून व ज्ञानेश्वरांच्या ग्रंथांतून आपणापर्यंत आला. कंकण मोडून कुंडल केले तरी सोने ते सोनेच, हे वाक्य कीर्तनात किंवा प्रवचनात ज्याने ऐकले नाही असा मराठी माणूस विरळा. मौज अशी की, येथे वेदान्ती आणि सराफ ह्या दोघांचे पूर्ण एकमत होते. दोघेही आकारास मिथ्या व द्रव्यास सत्य मानतात. फरक इतकाच की, वेदान्ती हे ज्ञान सांगून सोन्याचाही मोह सोडावयास सांगतो, आणि सराफ तेच ज्ञान सांगून सोन्याचा भाव सांगतो.

इतक्या थोर एकमताविरुद्ध बोलावयाचे तर साक्षीदार भक्कम हवा. असा एक साक्षीदार युरोपच्या कलेतिहासात सापडतो, आणि योगायोगाने तोही सोनारच आहे.

तांब्याच्या पत्र्यावर टोकदार कोरणीने उलटे चित्र कोरावे, रेषांत शाई भरून वरचा भाग पुसून घ्यावा, आणि ओलसर कागद त्यावर दाबून चित्र उतरवावे, ही कला युरोपात पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात उदयास आली. अशा खोदचित्रांपैकी सन घातलेले सर्वांत जुने १४४६ चे आहे. ही कला चित्रकारांच्या घरी जन्मली नाही. ती सोनारांच्या भट्टीशेजारी वाढली. सोनाराला धातूवर रेषा कोरण्याची सवय पिढ्यान्‌पिढ्यांची होती. चांदीवर नक्षी कोरून तिच्यात गंधक, चांदी, तांबे व शिसे ह्यांचे काळे मिश्रण भरण्याची रीतही त्याच्या धंद्यात जुनीच होती. हे मिश्रण भरण्यापूर्वी नक्षी कशी उतरली आहे ते पाहावे म्हणून फ्लॉरेन्सच्या मासो फिनिग्वेरा नावाच्या सोनाराने कागदावर ठसा घेऊन पाहिला आणि त्यातून खोदचित्रांची कला निघाली, अशी कथा सोळाव्या शतकातील चरित्रकार वासारी सांगतो. वासारीने ह्या शोधाचा काळ १४६० च्या सुमाराचा दिला आहे आणि जर्मन खोदचित्रे त्याहून जुनी आहेत. सबब ती कथा इतिहास म्हणून टिकत नाही. तथापि कलेचे कूळ तिने अचूक सांगितले आहे. मार्टिन शोनगावर हा कोलमारच्या सोनाराचा मुलगा. ज्याच्या कागदांवर केवळ दोन अक्षरे आहेत म्हणून ‘ई. एस.’ एवढ्याच नावाने जो ओळखला जातो, तोही पेशाने सोनारच असावा असे अभ्यासक मानतात; आणि आल्ब्रेख्ट ड्यूरर ह्याचे हात चित्रकलेकडे वळण्यापूर्वी न्यूरेंबर्ग येथे आपल्या बापाच्याच सोनारदुकानात तयार झाले होते.

ह्या सोनारांनी देवादिकांची चित्रे तर कोरलीच. परंतु त्यांनी आपल्या धंद्याचे नमुनेही कोरले. शोनगावरच्या खोदचित्रांत एक धूपपात्र आहे व एक धर्मगुरूचा दंड आहे. दुसऱ्या कारागिराने समोर ठेवून घडवावे इतक्या बारकाईने ते काढलेले आहेत. पुढच्या शतकात तर केवळ अलंकारांच्या नमुन्यांचे संचच्या संच छापले जाऊ लागले. न्यूरेंबर्ग येथे एरास्मुस होर्निक ह्याने १५६० नंतरच्या काही वर्षांत गळ्यातील पदकांचे नमुने प्रसिद्ध केले. अँटवर्प येथे फिलिप गाले ह्या प्रकाशकाने हान्स कोलार्टचे नमुने १५८१ व १५८२ मध्ये बाहेर काढले. त्यांतील पदकांवर समुद्रातील अद्भुत प्राणी आहेत, त्यांच्या पाठीवर जलदेवता आरूढ झालेल्या आहेत, आणि खाली मोती लोंबत आहेत. एत्येन दलोन ह्या फ्रेंच कारागिराने तर १५७६ मध्ये सोनाराचे दुकानच कोरून ठेविले. भट्टी, हत्यारे आणि कामावर वाकलेली माणसे त्यात जशीच्या तशी आहेत.

आता ह्या कागदांच्या मागे उभे असलेले सोने कोठे गेले ते पाहावे. कोलार्टचे नमुने प्रसिद्ध होण्यापूर्वी पाचच वर्षे, १५७६ मध्ये, स्पॅनिश सैनिकांनी अँटवर्प शहर लुटले होते. इंग्लंडच्या आठव्या हेन्रीच्या दरबारासाठी हान्स होल्बाइन ह्याने अलंकारांचे जे नमुने हाताने रेखाटले ते ब्रिटिश म्युझियममध्ये आजही पाहावयास मिळतात. परंतु त्यांबरहुकूम घडलेले दागिने जवळजवळ सारेच नाहीसे झाले. १६४९ मध्ये पहिल्या चार्ल्सचा शिरच्छेद झाल्यावर राजमुकुटासह राजचिन्हे वितळविण्यात आली. जे युद्धाने मोडले नाही ते नव्या रीतीच्या हौसेने मोडले. राजांच्या तिजोरीतील सोने गेले, आणि सोनाराच्या दुकानातील कागद राहिला. उद्दालकाचा दृष्टान्त येथे जणू उलटा झाला. द्रव्य नष्ट झाले आणि ज्यास आपण नावापुरते म्हणतो ते रूप शेष राहिले.

ही साक्ष मनात ठेवून आपल्या प्रदेशाकडे वळावे. आमच्या परभणी जिल्ह्यात, गोदावरीच्या अंगाने, गंगाखेड तालुक्यात धारासूर म्हणून गाव आहे. तेथील गुप्तेश्वराच्या मंदिरासाठी घडविलेल्या सुरसुंदरी ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना त्यांच्या अंगावरील दागिन्यांचा विसर पडणार नाही. गळ्यातील सर, दंडावरील वाक्या, कमरेवरील मेखला व पायांतील नूपुरे पाथरवटाने अशी कोरली आहेत की कोठे सर ओघळतो व कोठे तो अंगास चिकटून राहतो, हेही समजावे. जिंतूर तालुक्यातील चारठाण्याच्या यादवकालीन मंदिरांतही शिल्पाची हीच समृद्धी आढळते. हे दागिने कल्पनेतून आले असे म्हणवत नाही. पाथरवटाने ते कोणाच्या ना कोणाच्या अंगावर पाहिले असले पाहिजेत, आणि कोण्या सोनाराने ते घडविले असले पाहिजेत. ते सोने कोठे आहे? १२९६ मध्ये अल्लाउद्दीनाने देवगिरीवर स्वारी करून अपार संपत्ती नेली, हे शाळेतील मुलासही ठाऊक असते. परंतु सगळा दोष परचक्राच्या माथी मारून चालणार नाही. गेल्या सातशे वर्षांत आपल्याच घरांतील मुशींनी जितके दागिने गिळले असतील, तितके कोणत्याही लुटारूस नेता आले नसतील.

आणि आमच्या सोनाराने कागद मागे ठेविला नाही. ह्याचे कारण त्याच्या हाताला रेषा येत नव्हती असे मुळीच नाही. राजांची दानपत्रे तांब्याच्या पत्र्यावर कोरण्याची आपली परंपरा युरोपातील खोदचित्रांहून शेकडो वर्षे जुनी आहे. पूर्वी परभणीप्रमाणेच निजामाच्या राज्यात असलेल्या बिदरचे कारागीर जस्त व तांबे ह्यांच्या मिश्रधातूवर नक्षी कोरून तिच्यात चांदीची तार ठोकून बसवितात, व शेवटी धातू काळा करतात. युरोपातील त्या काळ्या मिश्रणाच्या कामाशी ह्याचे नाते किती जवळचे आहे, हे सांगावयास नको. तांबे होते, कोरणी होती, शाई होती, कागदही होता. नव्हती ती एकच गोष्ट: ह्या रेषेचा ठसा दुसऱ्यासाठी काढून ठेवावा ही इच्छा. ती इच्छा परकीयांच्या सहवासाने उत्पन्न होताच काय घडले, त्याचा दाखला आपल्याच इतिहासात आहे. पेशवाईच्या अखेरच्या काळात पुण्याचा इंग्रज वकील मॅलेट ह्याच्या आश्रयाने एक तांबट पत्र्यावर उलटी अक्षरे कोरून छापण्याची विद्या शिकला. त्याच्याकडून भगवद्गीता छापवून घ्यावी असे नाना फडणिसांच्या मनात होते. १८०० मध्ये ते वारले आणि बेत राहिला. पुढे मिरजेच्या गंगाधरराव पटवर्धनांनी त्या कारागिरास आश्रय दिला, आणि १८०५ मध्ये तांब्याच्या पत्र्यांवरून गीतेची प्रत छापून निघाली. तांबट तोच, कोरणी तीच. निराळे होते ते केवळ हेतूचे.

मग इतकी शतके तो हेतू का उत्पन्न झाला नाही? आपल्याकडे घडणीची विद्या बापाकडून मुलाकडे जात असे. तिची पोथी म्हणजे मुलाचा हात, आणि तिचे भांडार म्हणजे घरातील ठसे. पोथी जिवंत असेपर्यंत ह्या रीतीत काही उणे नव्हते. किंबहुना कागदावरून शिकलेल्या हातापेक्षा बापाच्या मांडीशी बसून शिकलेला हात अधिक सफाईदार असेल. परंतु तो हात दुसऱ्या धंद्याकडे वळला की घडण एका दिवसात नाहीशी होते, आणि ती होती हे सांगणारेही कोणी उरत नाही. आज ठुशी, वज्रटीक, चिंचपेटी, तन्मणी, सरी, गोठ, डोरले, राखडी, केतक ही नावे आपल्या भाषेत आहेत. पण त्यांपैकी काहींचे रूप सांगा म्हटले तर घरातील तरुण माणसे एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. विकार हा नावापुरता असतो, हे वचन येथे अगदी निराळ्या आणि विषण्ण अर्थाने खरे झाले आहे. नाव तेवढे उरले.

आता आक्षेपांचा विचार केला पाहिजे. पहिला आक्षेप वेदान्त्याचा. रूप नश्वर आहे, मग त्याचा शोक कशासाठी? ह्यास उत्तर असे की, दृष्टान्त हा नेहमी एकदेशी असतो. उद्दालकास जगाच्या मूळ कारणाचे एकत्व सांगावयाचे होते. दागिना कोणत्या भावाने मोडावा हे सांगावयाचे नव्हते. शिवाय रूप मिथ्या म्हटले तर भावही मिथ्याच. घडणीपुरते वेदान्ती व्हावयाचे आणि वजनापुरते व्यवहारी राहावयाचे, हा काही अद्वैताचा मार्ग नव्हे. संतांकडे पाहावे तर पंढरपूरच्या नरहरी सोनाराची कथा ह्या बाबतीत मोठी मार्मिक आहे. कट्टर शिवभक्त नरहरीने विठ्ठलासाठी सोन्याचा करगोटा घडविला. तो एकदा सैल झाला, एकदा अपुरा पडला. शेवटी डोळे बांधून तो स्वतः माप घेण्यास गेला, आणि हाताला शंकर लागला. ह्या कथेत सोन्याचा कस कोठेच आडवा येत नाही. अडते ते मापापाशी, म्हणजे घडणीपाशी. सोनाराला देव भेटला तो घडण अचूक व्हावी म्हणून पुढे केलेल्या हाताला भेटला.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो ह्या प्रदेशात राहणाऱ्याने तरी हलक्या मनाने घेऊ नये. दागिना हे स्त्रीचे धन आहे, आणि अडचणीच्या दिवशी तोच घराचा आधार असतो. १९७२ चा दुष्काळ ज्या मराठवाड्याने पाहिला, तेथे अंगावरचे सोने उतरवून दाणे किंवा बियाणे घेणे म्हणजे काय, हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. मुलाच्या शिक्षणासाठी पाटल्या मोडणाऱ्या आईला कलेतिहासाचा उपदेश करणे हे निर्दयपणाचे होईल. भुकेपुढे रूपाने नमलेच पाहिजे. परंतु आपण मोडतो ते सारेच दागिने भुकेपोटी मोडतो काय? बहुसंख्य सुखवस्तू घरांत जुना दागिना मोडतो तो ‘जुन्या पद्धतीचा’ म्हणून, आणि कधी कधी त्याच पद्धतीचा नवा, हलका व यंत्रावर ठोकलेला दागिना आणण्यासाठी. गरजेने मोडणे हा त्याग होय. कंटाळ्याने मोडणे ही विस्मृती होय. दोहोंस एकच ‘मोड’ हा शब्द लावला म्हणून त्यांचे नैतिक मोल एक होत नाही.

तिसरा आक्षेप खुद्द युरोपच्याच इतिहासातून निघतो. कागदावर उतरलेली घडण चोरता येते. बोकोल्ट येथील इस्राएल फान मेकेनेम ह्या सोनाराने सहाशेहून अधिक पत्रे कोरले, आणि त्यांतील बहुतेक दुसऱ्यांच्या चित्रांच्या नकला होत्या. ड्यूररने १५११ मध्ये आपल्या एका ग्रंथाच्या शेवटी परक्याच्या श्रमांवर व बुद्धीवर हात मारणाऱ्यांस सरळ तंबी दिली. आणि १५१२ मध्ये न्यूरेंबर्गच्या नगरसभेने त्याचे खोटे चिन्ह घातलेली चित्रे विकणाऱ्यास ते चिन्ह काढून टाकण्याचा हुकूम केला. ध्यानात घेण्यासारखी गोष्ट ही की, नगरसभेने नक्कल करण्यास बंदी केली नाही. खोट्या नावास बंदी केली. पुढे एकोणिसाव्या शतकात आखेन येथील राइनहोल्ड फास्टर्स ह्या सोनाराने जुन्या घडणीचे दागिने इतक्या कुशलतेने बनविले की ते सोळाव्या शतकातील म्हणून मोठमोठ्या संग्रहांत जाऊन बसले. १९७९ मध्ये त्याची रेखाटने अभ्यासकांनी उजेडात आणली, तेव्हा कोठे खरे काय ते कळू लागले. कागदाने फसवणुकीस वाट दिली हे खरे. पण ती फसवणूक उघडकीस आणली तीही कागदानेच.

ह्यावर कोणी म्हणेल की, त्यापेक्षा आपल्या कारागिराची निनावी वृत्तीच बरी. त्याने कर्म केले आणि नावाचा लोभ धरला नाही. हा युक्तिवाद ऐकावयास गोड आहे, परंतु तो बहुधा स्वतःच्या पुस्तकावर स्वतःचे नाव छापणारे लोक करीत असतात. दानपत्रात दान देणाऱ्या राजाची वंशावळ आणि त्याच्या बिरुदांची रांग असते. ज्या समाजात दात्याने नाव कोरावे आणि कोरणाऱ्याने बहुधा निनावी राहावे अशी वाटणी आधीच होऊन गेलेली असते, तेथे निनावीपणास वैराग्य म्हणता येत नाही. ज्यास नाव लिहिण्याची मुभा आहे त्याने ते लिहिले नाही, तरच त्यास निरहंकारी म्हणावे.

कायद्यानेही आपल्याकडे ही जुनीच दृष्टी पुढे चालविली आहे. १९६३ च्या जानेवारीत सुवर्णनियंत्रणाचे नियम आले आणि चौदा कॅरेटहून अधिक कसाचे नवे दागिने घडविण्यास बंदी झाली. देशाचे सोने व परकीय चलन वाचविण्याचा तो प्रयत्न होता. परंतु त्यापायी हजारो सोनारांच्या भट्ट्या विझल्या, आणि काहींनी प्राणही दिले. १९६८ चा सुवर्णनियंत्रण कायदा १९९० मध्ये रद्द झाला; तोवर किती घराण्यांतील हात दुसऱ्या कामास लागले असतील, ह्याची मोजदाद सोन्याच्या हिशेबात कशी सापडावी? २०२१ पासून दागिन्यांवर शुद्धतेची सरकारी खूण टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली. त्यात मानक संस्थेचे चिन्ह, सोन्याचा कस आणि सहा अक्षरांकांचा एक क्रमांक असतो. गिऱ्हाइकाच्या दृष्टीने ही व्यवस्था उत्तमच आहे. परंतु इंग्लंडात १३६३ च्या कायद्याने प्रत्येक उस्ताद सोनारास स्वतःचे चिन्ह दागिन्यावर उठवावयास लाविले होते, हे आठवले म्हणजे आपल्या खुणेतील उणीव डोळ्यांत भरते. सोने किती शुद्ध आहे ते तिच्यात आहे; ते कोणी घडविले ते नाही. सोनाराविषयी आपल्या समाजात पूर्वापार जी संशयाची भाषा चालत आली आहे, तीही सारी वजनाची व कसाची आहे. त्याने सोने किती लाटले हे आपण पिढ्यान्‌पिढ्या मोजले; त्याने सोन्यात काय घातले ते मोजण्याचे कोणास सुचले नाही.

तेव्हा मूळ प्रश्नाचे उत्तर प्रस्तुत लेखकास असे दिसते. सोने खरे आहे, परंतु ते कोणाचेच नाही. ते भूमीने दिले, आणि ते एका हातातून दुसऱ्या हातात जाणारच. दागिन्यात मनुष्याचे असे जे काही आहे ती घडण होय. ती नश्वर आहे हे खरे, पण मनुष्यही नश्वरच आहे. म्हणून कोणी मनुष्यास वजनाने तोलीत नाही. एखादी घडण एकट्याची मालमत्ता व्हावी, असेही नाही. ठुशी अमक्या एकाची नाही व ती तशी कधी होऊ नये. ती सर्वांची आहे म्हणूनच ती टिकविण्याची जबाबदारीही सर्वांची आहे.

ही जबाबदारी पार पाडण्यास फार मोठे काही लागत नाही. दागिना मोडणे टळत नसेल तर तो मुशीत जाण्यापूर्वी त्याचे एक चित्र काढून ठेवावे. आता तर ते काम कोरणीवाचून, क्षणार्धात होते. त्या चित्राखाली त्याचे घरात चालत आलेले नाव, तो कोणाच्या लग्नात आला ते साल, आणि ठाऊक असेल तर तो घडविणाऱ्याचे नाव व गाव लिहावे. नवा दागिना करवून घेताना मजुरीवर घासाघीस करण्याआधी, तो कोणाच्या हातून उतरणार आहे एवढे तरी विचारावे. कोलार्टचे कागद राजांनी जपले म्हणून राहिले असे नाही. अनेक सोनारांच्या दुकानांत ते कामाचे होते, म्हणून त्यांच्या प्रती निघाल्या आणि त्यांतल्या काही वाचल्या. आपल्या घरांतील अशा चार चित्रांचा उपयोग पुढे कोणास होईल, हे आज सांगता येणार नाही. धारासूरच्या पाथरवटासही ते सांगता आले नसते. तरी त्याने मेखलेचा एकेक पदर कोरला, आणि म्हणूनच ज्या सोनाराचे सोने केव्हाच वितळून गेले, त्याची घडण आपणास आज पाहता येते.